मनोरा

रात्रीचा दीड वाजलाय, हात अजून थरथरतोय. दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचं, वीस बाजूंचा फासा पडेल ते नशीब. आज मात्र ‘ड्रेड’ काढला. यात फासेच नाहीत. टेबलावर जेंगाचा मनोरा, 54 लाकडी ठोकळे. आपण वठवत असलेल्या पात्राला काही अवघड करायचं असेल, तर एक ठोकळा अलगद ओढून वर ठेवायचा. मनोरा पडला की पात्र संपलं. ओढायचा नसेल तर नका ओढू, पण काम फसणार.

पात्रही आकड्यांतून नाही, प्रश्नावलीतून घडतं. मला प्रश्न आला, ‘भावाशी शेवटचं खोटं काय बोललास?’ उत्तराला दहा मिनिटं लागली. (माझ्या सख्ख्या भावाशी याचा संबंध नाही. बहुधा.)

पहिला तास थट्टेतच गेला. मग मनोरा झुकला आणि कुणीतरी उठून पंखा बंद केला. भर मे महिन्यात!

मुद्दाम मनोरा पाडला तर पात्र मरतं, पण काम फत्ते होतं. एरवी चहाचेही पैसे मोजून देणारी आमची मैत्रीण काही न बोलता उठली आणि एका फटक्यात ठोकळे फरशीवर. आम्ही सुटलो.

दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात.