बॉनेटाला कुलूप

मोटारीच्या दारांना कुलूप असते, डिकीला असते, तेलाच्या टाकीच्या झाकणालाही असते. बॉनेटाला मात्र बाहेरून किल्ली लावायची सोय सहसा नसते. नेहमीच्या मोटारीत तिची गरजही नाही. बॉनेट सोडणारी तार चालकाच्या पायाशी आतल्या अंगाला असते, आणि तिथवर पोचायचे तर आधी दार उघडावे लागते. जुन्या जीपची गोष्ट निराळी. तिला धड दारेच नाहीत, मग बॉनेटाने काय म्हणून सोवळे पाळावे? दोन्ही मडगार्डांवर एकेक स्प्रिंगची कडी. दोन बोटांनी वर ओढली की सुटली. रस्त्याने जाणाऱ्या पोरालादेखील आमच्या जीपचे पोट उघडून पाहता येत असे, आणि पुष्कळ पोरांनी ते पाहिलेही आहे.

यात कोणाची हयगय नव्हती. जीप ही मुळात पलटणीतली. १९४०-४१ साली अमेरिकन लष्करासाठी ती जन्मली, तेव्हा कोणत्याही शिपायाने कोणतीही जीप घ्यावी, चालू करावी आणि निघावे, एवढीच अपेक्षा होती. युद्धातल्या बहुतेक जीपांना चालू करायलाही किल्ली नव्हती. नुसता एक खटका फिरवायचा. मग चोरीच्या भयाने शिपाईच स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप घालीत. युद्ध संपले, महिंद्रांनी मुंबईत जीपा जुळवायला घेतल्या, इंजिने बदलली, पेट्रोलचे डिझेल झाले. पण बॉनेटाच्या त्या दोन कड्या पलटणीतल्या होत्या तशाच राहिल्या.

आमची जीप १९८८ सालची आहे. जळगावहून धुळ्याला म्हणजे पाळधी, एरंडोल, पारोळा करीत सुमारे नव्वद किलोमीटर. हा रस्ता तिच्या चाकांनी इतक्या वेळा मोजला आहे की स्टिअरिंग सोडले तरी ती आपण होऊन धाकट्या पुलाशी हळू होईल, असे आमचे बाबा म्हणतात. बाबा म्हणजे माझे वडील नव्हेत. बाबा म्हणजे ड्रायव्हर. मूळचे ते धुळ्याकडचे, बोलणे अहिराणी, आणि मला गाडी चालवायला शिकवली ती त्यांनीच. गेली तीस वर्षे रोज सकाळी, मी उठायच्या आत, दोन कड्या सुटल्याचा खट्‌खट्‌ असा आवाज, मग पाण्याच्या डब्याचा, मग ऑइलची पट्टी पुसायचे फडके झटकल्याचा. आमच्या घरात पहाट कोंबड्याने होत नाही, बॉनेटाने होते.

२०१९च्या मे महिन्यात धुळ्याला एका लग्नाला गेलो असता रात्रीतून बॅटरी गेली. डिझेल इंजिनाला सुरू व्हायला जोर फार लागतो. आतली हवा खूप दाबावी लागते, तेव्हा कुठे तेल पेट घेते. म्हणून तिची बॅटरीही अंगापिंडाने मोठी. मोठी बॅटरी म्हणजे जास्त शिसे, आणि जुने शिसे भंगारात वजनावर विकले जाते. कड्या बोटांनी उघडायच्या, एका पान्याने दोन बोल्ट सैल करायचे आणि बोजा खांद्यावर टाकून चालू लागायचे. माहीतगाराला पाच मिनिटेही लागू नयेत. सकाळी थोरल्या बंधूंच्या ट्रॅक्टरची बॅटरी उसनी लावून आम्ही घर गाठले.

बॅटरीचे पैसे गेले त्याचे दुःख आठवड्याभरात ओसरले असते. पण चोरीची वर्दी द्यायला गेलो तेव्हा लिहून घेणाऱ्याने रीतीप्रमाणे विचारले, "रात्री गाडीपाशी कोण होते?" प्रश्न साधा होता, तो विचारणे त्याचे कामच होते. गाडीपाशी बाबा होते. मांडवाच्या कडेला सतरंजी टाकून ते झोपले होते, आणि आता माझ्या पाठीशी उभे होते. "आमचे घरचे माणूस होते," असे मी सांगितले. त्याने ते लिहून घेतले. परतीच्या वाटेवर पारोळ्याचा भुईकोट किल्ला मागे पडला, एरंडोल आले, गिरणेचा पूल आला, तरी बाबा एक शब्द बोलले नाहीत.

बॉनेटाला कुलूप हवे हे घरात त्या रात्रीच ठरले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, की सरळ कडी-कोयंडा ठोकावा आणि एक नवटाल लावावे. गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत कुलपे करायला घेतली तेव्हापासून मराठी घरात कुलपाविषयी एक प्रकारचा भक्तिभाव आहे. पण लोंबते कुलूप चालत्या गाडीत दिवसभर पत्र्यावर डोके आपटीत राहते. महिन्याभरात रंग जातो आणि पहिल्या पावसात गंज धरतो. शिवाय कोयंड्याची पट्टी पहारेच्या एका हिसक्याने उखडते. त्यापेक्षा किल्लीच्या कड्या बऱ्या. मूळच्या कडीच्याच जागी बसतात, दिसायलाही तशाच. फक्त खटक्याच्या पोटात कुलपाची नळी असते आणि किल्ली फिरवली की आतली जीभ कडीच्या आड येते. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका दुकानात ही जोडी मिळाली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती दुकानदार सांगत नाही. कडीने बॉनेट धरून ठेवायचे आणि कुलपाने फक्त कडीला हलू द्यायचे नाही, ही दोन कामे वेगळी असली पाहिजेत. जीपचे बॉनेट मागच्या बाजूला बिजागरीवर असते आणि पुढून उघडते. धावत्या गाडीत कड्या सुटल्या तर वारा ते उचलून काचेवर आदळील आणि पुढचा रस्ता दिसेनासा होईल. म्हणून कुलूप उघडे असतानाही कडी स्प्रिंगच्या जोरावर घट्ट बसते की नाही, ते आधी पाहावे. बसत नसेल तर ती जोडी घेऊ नये, मग किल्ली कितीही चकचकीत असो.

अजिंठा चौफुलीच्या बाजूला गॅरेजांना तोटा नाही. कोणीही मिस्त्री तासाभरात हे काम करून देता. पण ते घरीच करायचे असे मी ठरवले, आणि बाबांच्या हातून. कुलूप दुसऱ्याने बसवून आणावे आणि सकाळी बाबांनी सवयीने कडीला हात घालावा, ही कल्पनाच मला सोसेना.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, कामाला लागलो. जळगावच्या मे महिन्यात दहानंतर बॉनेटावर हात ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे. पहिल्यांदा बॅटरीची तार सोडली, आणि तीही आधी ऋण बाजूची. गाडीचे सगळे अंग ऋण असते; धन बाजू सोडताना पाना अंगाला टेकला तर ठिणगी उडते, ऋण आधी सोडली की ती भीती नाही. मग इंजिनावर ओले गोणपाट पसरले, लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून. जुन्या कड्या निघाल्या. नव्या कड्यांची भोके जुन्या भोकांवर येत नव्हती, पाव इंचाचा फरक होता. बाजारचे सामान म्हणजे कधी भोक चुकते, कधी मनसुबा.

फरमा करायला पुठ्ठा हवा होता. घरात जाड कागद एकच सापडला, आणि तो म्हणजे त्याच लग्नाची पत्रिका. बाबांनी ती कडीखाली धरून कापली, मडगार्डावर ठेवली आणि खडूने खुणा केल्या. मडगार्डाच्या आतून दिव्याच्या तारा जातात, त्या हाताने चाचपून बाजूला बांधल्या. न पाहता भोक पाडले तर कुलूप लागते आणि दिवा जातो. खुणेवर पंचाचा एकेक ठोका दिला, नाहीतर ड्रिल पत्र्यावर नाचते आणि रंगावर रांगोळी काढते. आधी तीन मिलिमीटरचे भोक, मग सहाचे, मधून मधून तेलाचा थेंब. भोकांच्या कडा कानशीने मारून त्यांना रेडऑक्साइड लावला, कारण कापलेला पत्रा उघडा राहिला की गंज तिथूनच आत शिरतो.

आता कडी बसवायची, तर बाबा पुडीतले स्क्रू तळहातावर घेऊन बघत राहिले. फुलीचे स्क्रू, बाहेरून पिळायचे. म्हणाले, "भाऊ, चोर कुलूपले हात बी लावाव नही. हाऊ स्क्रू काढी नि चालना जाई."

अगदी खरे होते! किल्लीची कडी विकणाऱ्याने ती चार आण्यांच्या पेचकसाने निघेल अशी व्यवस्था करून दिली होती. बाबा सायकलीवर बसून गेले आणि गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे बोल्ट घेऊन आले. त्यांच्या डोक्याला खाच नसते. पाना धरायला कोर नसते. मडगार्डाची भोके कानशीने मानेपुरती चौकोनी केली, म्हणजे बाहेरून बोल्ट फिरवताही येत नाही. नट आतून, खाली रबराचे आणि लोखंडाचे वायसर. बॉनेट बंद असता त्या नटांपर्यंत हात पोचत नाही हे दोघांनी आडवे होऊन तपासले. सगळ्या उद्योगात खरे कुलूप हे एवढेच. बाकी अलीगढचे काय आणि विलायतेचे काय, पितळेची नळी आणि चार पिना.

ताण बसवण्यात मात्र अर्धा दिवस गेला. एक बाजू आवळली की दुसरी वर येई. बाबांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या बॉनेट आणि टेकण यांच्यामध्ये ठेवल्या आणि ओढून पाहिल्या. दोन्ही बाजूंनी पट्टी सारख्याच जोराने अडली तेव्हा त्यांचे समाधान झाले. गिरणेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो. पूर्वी खडखड करणारे बॉनेट गप्प होते. गाडी आजारी आहे की काय, असेच वाटले.

जोडीबरोबर किल्ल्या चार आल्या होत्या. डाव्या बाजूच्या दोन, उजव्या बाजूच्या दोन. एकीची दुसरीला लागत नाही. एकेक किल्ली गाडीच्या किल्लीच्याच कडीत अडकवली. हे अवश्य करावे. इंजिन तापले, धूर निघाला, तर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. राहिलेली जोडी मी बाबांपुढे धरली. सकाळी पाणी पाहायला त्यांना लागणारच होती.

बाबांनी हात मागे घेतला. "माले नको, भाऊ. सकाय काही गये, त मंग?"

उद्या काही गेले तर मग? किल्ली कोणापाशी होती, असे कोणी विचारील, आणि या खेपेला उत्तर एकच असेल. धुळ्याचा तो प्रश्न त्यांनी बरोबर आणला होता आणि मुकाट्याने सांभाळला होता. मी पुष्कळ समजावले. तुमच्यावर कोणाचा संशय नाही म्हणालो. पण माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास असून भागणार नव्हते, विचारणारा मी नव्हतो.

दोन-तीन दिवस मोठे चमत्कारिक गेले. पहाटे खट्‌खट्‌ आवाज येईना. बाबा पाण्याचा डबा भरून जीपशेजारी उभे राहत आणि मी उठून बाहेर येईपर्यंत थांबत. एकदा नुसते विचारले, "आते पाणी बी इचारीसन टाकनं पडी का?" रागाने नव्हे, नवी रीत काय आहे ते माहीत करून घ्यावे, तसे.

खानदेशातले नावाजलेले कुलूप म्हणजे धुळ्याच्या तुरुंगाचे. १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी त्याच्या आत होते. विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी उतरून घेत, त्यातून ‘गीताप्रवचने’ झाली. कुलपाकडून इतके चांगले काम या मुलखात पुन्हा झाल्याचे माझ्या कानी नाही. माझ्या कुलपाने तर साधे पाणी अडवून धरले होते.

चौथ्या दिवशी ओसरीवर, कॅलेंडराच्या खिळ्याशेजारी, मी दुसरा खिळा ठोकला आणि ती जोडी तिथे टांगली. माझी नव्हे, बाबांची नव्हे, खिळ्याची. कोणीही घ्यावी, काम झाले की परत लावावी. "मग कुलूप बसवले कशाला?" असे आतून विचारण्यात आले, आणि प्रश्न बिनतोड होता. त्यावर तोडही तिनेच काढली. रात्री दार लावताना किल्ल्या खिळ्यावरून काढून ती देवघराच्या कोनाड्यात ठेवते आणि पहाटे सडा घालायला उठते तेव्हा पुन्हा बाहेर टांगते. बाबा त्यानंतर येतात. पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा आवाज आला; आता मात्र आधी किल्लीची करकर, मग खट्‌, पुन्हा करकर, मग खट्‌.

डावी बाजू अजून थोडी जड फिरते. धुळीच्या मुलखात कुलपात तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते आणि आत चिखल होतो. त्याऐवजी शिसपेन्सिलीची पूड घालावी. बाबा तसेच करतात. नातवाच्या दप्तरातून पेन्सिल घेतात, चाकूने टोक किल्लीवर खरवडतात, किल्ली दोनदा आतबाहेर करतात आणि पेन्सिल परत ठेवतात. आपल्या पेन्सिलीची टोके रात्रीतून कोण मोडते, याचा त्या पोराने अजून तपास चालवला आहे.