फिरत्या दांड्यावरचा उंदीर

'सरकारी' हा शब्द आपण हॉस्टेलवर शिवीसारखा वापरतो. नळ गळतोय? सरकारी काम! निकाल लांबला? सरकारी काम! पण माझ्या रूम पार्टनरच्या टेबलावर गोळ्यांच्या दोन पट्ट्या असतात. त्या गोळ्या कुठून आल्या याचा शोध घेता घेता मला एक सरकारी काम सापडलं, त्याची ही गोष्ट.

माझ्या पार्टनरला एपिलेप्सी आहे. पुस्तकात अपस्मार, घरोघरी फीट, आकडी, मिरगी. हे लिहायला त्याची परवानगी आहे, नाव टाकायचं नाही एवढीच अट. फर्स्ट इयरला त्याची आई सोडायला आली होती. त्याला पाणी आणायला पाठवून ती मला म्हणाली, "बाळा, रात्री कधी हा थरथरला तर घाबरू नकोस. आणि कुणाला सांगू नकोस हं." मी म्हटलं, "काकू, काळजी करू नका."

सेकंड इयरला सबमिशनच्या आठवड्यात दोन रात्री जागरण झालं आणि त्याला फीट आली. विंगमधला एक जण चप्पल घेऊन धावला, दुसरा मेसमधून कांदा घेऊन आला. शुद्धीवर आल्यावर पठ्ठ्याचं पहिलं वाक्य होतं, "किती जणांनी बघितलं?" लागलं का, दुखतंय का, काही नाही. किती जणांनी बघितलं!

त्यानंतर डॉक्टरांनी एका गोळीला दुसरीची जोड दिली. आता लेव्हेटिरासिटाम आणि लॅकोसामाइड, दोन्ही सकाळ-संध्याकाळ. 14 महिने झाले, फीट नाही.

आता थोडा इतिहास. फेनिटॉइन हे फीटवरचं जुनं आणि स्वस्त औषध. ते 1908 साली जर्मनीत हाइनरिख बिल्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. पण ते फीटवर चालतं हे कळायला 1938 साल उजाडलं! मधली 30 वर्षं औषध होतं, रोगी होते, फक्त ते औषध आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम या दोन डॉक्टरांनी मांजरांना विजेचा हलका झटका देऊन फीट आणायची आणि कोणत्या रसायनाने ती थांबते ते पाहायचं, अशी पद्धत बसवली. त्या चाचणीत फेनिटॉइन सापडलं. सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. काँक्रीटचा क्यूब कुणीही भरेल, पण 28 दिवसांनी मशीनखाली ठेवल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही.

पुढे अडचण आली ती पैशांची. औषध खरंच लागू पडतं हे सिद्ध करण्याची अट अमेरिकेत 1962 च्या कायद्याने आली आणि खर्च वाढला. एपिलेप्सीचं मार्केट कंपन्यांना छोटं वाटायचं. 1960 नंतर बरीच वर्षं तिथे फीटवर नवीन औषध जवळजवळ आलंच नाही. व्हॅल्प्रोएट फ्रान्समध्ये 1967 पासून मिळत होतं, ते अमेरिकेत पोचायला 1978 उजाडलं.

अशा वेळी, 1975 साली, अमेरिकन सरकारच्या एनआयएनडीएस या मज्जासंस्थेच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेने एक योजना सुरू केली. योजना साधी होती. जगात कुणाकडेही एखादं रसायन असेल, कंपनी असो की कॉलेजातला प्रोफेसर, त्याने नमुना पाठवायचा. सरकार त्याची चाचणी फुकट करणार, निकाल गुप्त ठेवणार आणि पेटंटवर हक्कही सांगणार नाही. चाचण्यांचं काम युटा विद्यापीठाकडे दिलं. आजवर 30,000 हून अधिक रसायनं तिथून तपासून गेली आहेत.

चाचणी कशी? उंदराला 50 मिलिअँपिअरचा करंट फक्त 0.2 सेकंद द्यायचा आणि औषधाने फीट अडते का बघायचं. दुसऱ्या चाचणीत करंटऐवजी फीट आणणारं रसायन टोचायचं. आणि मला सर्वांत आवडलेली तिसरी : एक दांडा मिनिटाला 6 फेरे या वेगाने फिरवायचा आणि औषध दिलेला उंदीर त्यावर सोडायचा. उंदीर तोल सांभाळून चालत राहिला तर ठीक. पुन्हा पुन्हा पडला तर औषध फीट थांबवेल, पण माणसाला झिंगवेलही. मेकॅनिकलचा कुणीही पोरगा हे यंत्र वर्कशॉपमध्ये बनवेल.

पार्टनरची दुसरी गोळी, लॅकोसामाइड, याच वाटेने आली. ह्यूस्टन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड कोन यांनी आपले नमुने या योजनेकडे पाठवले, त्यातून हे औषध पुढे आलं आणि 2008 साली अमेरिकेत मंजूर झालं. माणसांवरच्या चाचण्यांचा मोठा खर्च नंतर कंपन्यांनीच केला, हेही सांगायला हवं. पण एकट्या प्रोफेसरकडे एवढे उंदीर, एवढी माणसं आणि एवढी वर्षं कुठून येणार? पहिली पायरी सरकारी पैशाने बांधलेली होती.

पण योजनेतलं प्रत्येक औषध सुखरूप निघालं असं नाही. याच वाटेने आलेलं फेल्बामेट 1993 साली मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी काही रोग्यांच्या रक्तावर त्याचे गंभीर परिणाम दिसले. त्याचा वापर एकदम आखडता घ्यावा लागला.

आणि पहिली गोळी? गंमत म्हणजे लेव्हेटिरासिटाम करंटच्या आणि रसायनाच्या, दोन्ही ठरावीक चाचण्यांत नापास! बेल्जियमच्या यूसीबी कंपनीला ते वेगळ्या प्रकारच्या प्राण्यांवर लागू पडताना दिसलं. मेंदूला रोज थोडा थोडा करंट देऊन हळूहळू फीटची सवय लागलेले उंदीर हा त्यातला एक प्रकार. 1999 साली औषध मंजूर झालं आणि आज जगभर चालतं. नेहमीच्या पेपरात केटी लागलेला पोरगा दुसऱ्याच पेपरात पहिला यावा, तसंच हे. धडा सरकारी योजनेनेही घेतला. तिथे नव्या चाचण्या आल्या, आणि आता मुख्य लक्ष आहे औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीवर. कारण इतकी औषधं येऊनही साधारण एकतृतीयांश रोग्यांच्या फीट आजही थांबत नाहीत.

म्हणून मला वाटतं, संशोधनावरचा सरकारी पैसा 'किती औषधं निघाली?' एवढ्याच हिशेबाने मोजू नये. हजारो रसायनं नापास करणं हेही काम आहे, आणि नफा मोजणारा माणूस ते वर्षानुवर्षं करत बसणार नाही. त्या उरलेल्या एकतृतीयांश लोकांसाठी नव्या चाचण्या लागतील, नवी यंत्रं लागतील. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताना हे लक्षात असू द्या.

तोवर विंगमधल्या प्रत्येकाला आणि रेक्टर सरांना एवढं पाठ असावं : फीट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. चप्पल पायात राहू दे, कांदा मेसमध्ये. आणि तो शुद्धीवर आला की गर्दी पांगलेली असू दे, म्हणजे त्याला ते वाक्य विचारावं लागणार नाही.