रुमाल बाजूला करून

लॅपटॉपवर संगीत वाजवणारा माणूस श्रोत्याला कसा दिसतो? टेबलामागे एक चेहरा, त्यावर पडलेला निळसर उजेड आणि पुढ्यात झाकणाची पाठ. बोटं हलतात, पण कोणत्या हालचालीने आवाज बदलला ते कळत नाही. हा माणूस आत्ता काही घडवतो आहे की घरून तयार करून आणलेलं नुसतं लावतो आहे, तेही कळत नाही. मग श्रोता खिशातून मोबाइल काढतो. मी त्याला दोष देत नाही. ज्या कामात काय चाललं आहे हे कुणी दाखवतच नाही, त्याकडे तासभर पाहत बसा, असं म्हणण्याचा हक्क वाजवणाऱ्याला नाही.

मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डाजवळ राहतो. भुसार विभागातल्या एका स्नेह्यांच्या गाळ्यात, व्यवहार आटोपल्यावर, माझा सराव आणि छोट्या बैठका चालतात. श्रोत्याला काय दाखवायचं, हे मला या बाजारानेच शिकवलं. जुन्या व्यापारात सौदा रुमालाखाली व्हायचा. आडते आणि खरीददार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. हत्ता पद्धत म्हणतात ती हीच. माल सगळ्यांसमोर, माणसं भोवती उभी, आणि भाव मात्र झाकलेला. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाही तो ठरून झाल्यावरच कळायचा. बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठी.

उघड लिलाव पाहायला, काही घ्यायचं नसलेली माणसंही थांबतात. बोली कुणी वाढवली ते दिसतं, एवढंच त्याचं कारण नाही. पुढची बोली येईल का, कोण देईल, की इथेच तुटेल, याचा अंदाज पाहणाराही मनात बांधत असतो. झालेलं दिसणं आणि होऊ घातलेलं दिसणं, या दोन्ही गोष्टी तिथे आहेत. लॅपटॉपवाल्या मैफलीत पहिलीची सोय पुष्कळ जण करतात. दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते खरी गंमत दुसरीतच आहे.

जगात यावर एक ठाम उत्तर निघालं आहे. प्रेक्षकांसमोर संगणकाच्या आज्ञा लिहीत, त्या बदलत संगीत घडवायचं. याला लाइव्ह कोडिंग म्हणतात. २००४ मध्ये हॅम्बर्गमध्ये जमलेल्या काही कलावंतांनी ‘टॉपलॅप’ नावाचा गट स्थापन केला. वाजवणाऱ्याने आपली स्क्रीन प्रेक्षकांना दाखवलीच पाहिजे, हा त्यांच्या जाहीरनाम्यातला मुख्य आग्रह. पुढे ‘अल्गोरेव्ह’ नावाच्या नाचाच्या रात्री सुरू झाल्या. वाजवणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर त्याचा मजकूर झळकतो आणि लोक त्या तालावर नाचतात. हे आपल्याकडेही पोचलं आहे. अल्गोरेव्ह इंडिया या नावाने इथले कलावंत एकत्र येऊन असे कार्यक्रम करतात.

मीही हेच करतो, ॲलेक्स मॅक्लीन यांनी घडवलेल्या ‘टायडलसायकल्स’ या लाइव्ह कोडिंगच्या प्रणालीवर. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओळ लिहिली की लगेच आवाज येत नाही. ती ओळ चालवण्याची कळ दाबल्यावरच आवाज बदलतो. म्हणजे लिहिणं आणि ऐकू येणं यांत एक अंतर आहे, आणि ते किती ठेवायचं हे माझ्या हातात आहे. बहुतेक वाजवणारे ते घाईने ओलांडतात. मी थांबतो. ओळ पडद्यावर तयार आहे, सगळ्यांना दिसते आहे, जुनं आवर्तन अजून फिरतं आहे. मी कीबोर्डवरून हात उचलतो आणि समेची वाट पाहतो. गाळ्यात बसलेले लोक त्या वेळी पुढे सरसावतात. ओळीचा अर्थ त्यांना कळत नाही, पण काहीतरी बदलणार आहे आणि कधी बदलणार आहे हे कळतं. तबलजी तिहाई घेतो तेव्हा आपण नेमकं हेच अनुभवतो. तिसरा धा कुठे पडणार हे ठाऊक असतं, म्हणून तो पडताना तोंडातून दाद निघते.

हे तबल्याशी मी ओढूनताणून जोडत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपन लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. किपन यांच्यासोबत बर्नार्ड बेल यांनी ॲपलच्या छोट्या संगणकावर ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तबल्यातल्या ‘कायद्या’च्या विस्ताराचे नियम त्यात घालायचे, संगणकाने त्यांतून नवे पलटे काढायचे आणि ते बरोबर की चूक हे उस्तादांनी ठरवायचं. हेच बेल पुढे पुण्यातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामाशी जोडले गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेला तो प्रचंड संग्रह. आणि टायडलमध्ये ताल लिहिण्याची जी आटोपशीर लिपी आहे, तिने काही खुणा थेट बोल प्रोसेसरकडून घेतल्या आहेत. इंग्लंडहून आलेलं म्हणून आपण जे वापरतो, त्यात आपल्याच एका उस्तादांचा कान आहे. हे मला कळलं तेव्हा मी पडद्याची मांडणी बदलली. आता माझ्या आज्ञांशेजारी, जो बोल वाजतो आहे तो मोठ्या देवनागरी अक्षरांत उमटतो: धा, तिरकिट, धिं, ना. त्याखाली सोळा मात्रांचं चक्र, समेला भरीव ठिपका, खालीला पोकळ. पार्श्वभूमी काळी. शेवटच्या रांगेतून न अडखळता वाचता येईल एवढंच पडद्यावर राहतं. बाकीचं मी काढून टाकलं.

याहून जास्त दाखवण्याचा मोह पुण्यात होणं साहजिक आहे. आपला डोळा गणपतीतल्या देखाव्यांवर पोसलेला आहे: हलत्या मूर्ती, गाण्यावर नाचणारी रोषणाई. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो आधी बसवलेला खेळ असतो आणि रात्रभर तसाच फिरतो. जिवंत वादनामागे असा तयार खेळ लावला की पाहणारा खेळ पाहतो आणि वाजवणारा अनावश्यक ठरतो. लेसरबद्दल तर बोलायलाच नको. डोळ्याच्या पडद्याला त्याने इजा होऊ शकते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्याला मनाई केली, ते योग्यच झालं. खर्जाच्या प्रत्येक ठोक्यावर फुगणारी वर्तुळं, आवाजाबरोबर उसळणाऱ्या रेषा, हेही पाच मिनिटांत डोळ्याच्या सवयीचं होतं. सगळंच सगळ्यावर हलायला लागलं की कशामुळे काय होतं आहे ते पुन्हा झाकलं जातं.

त्यापेक्षा हात दाखवावेत. सवाई गंधर्व महोत्सव आता इथून जवळच, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. तिथल्या मोठ्या पडद्यावर तबलजीची बोटं जवळून दिसली की लांब बसलेल्यांचेही श्वास बदलतात. मीही टेबलावर वरून एक कॅमेरा टांगतो. त्यात एक हिशेब मात्र सांभाळावा लागतो. कॅमेरा, संगणक आणि प्रोजेक्टर मिळून चित्राला तीन चौकटींचा उशीर होतो असं धरा. सेकंदाला पंचवीस चौकटी म्हणजे हा उशीर १२० मिलिसेकंद. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एवढ्या वेळात सुमारे ४१ मीटर. तेव्हा एकेचाळीस मीटरवर बसलेल्याला पडदा आणि स्पीकर जुळलेले वाटतील. पुढच्या रांगेतल्याला आवाज आधी येईल आणि बोट मागून पडेल, आणि कानाआधी डोळा चालतो या आपल्या सवयीला ते फार खुपतं. म्हणून लहान जागेत मी कॅमेरा लावतच नाही. तिथे बैठक घालतो. चौरंगावर लॅपटॉप, मी जमिनीवर आणि श्रोते चारही बाजूंना. पाठीमागे बसलेल्यांना स्क्रीन दिसते, समोरच्यांना माझा चेहरा, बाजूच्यांना हात. मध्यंतरात लोक जागा बदलतात, कारण दुसऱ्या बाजूने काय दिसतं हे त्यांना पाहायचं असतं.

चौरंगाशेजारी एक जुनी लोखंडी तागडी टांगलेली असते. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर ती गाळ्यात पडून होती. तिच्या एका पारड्याला खालून छोटा पिझो मायक्रोफोन चिकटवला आहे. पारड्यात वजन ठेवलं की खणकन आवाज होतो, तो लॅपटॉपमध्ये जातो आणि तिथून पुढे मी त्याचे तुकडे करतो, उलटा फिरवतो, खर्जात उतरवतो. वजन पडताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे नंतर तोच आवाज ओळखू न येण्याइतका बदलला तरी श्रोते त्याचा माग सोडत नाहीत. लॅपटॉपच्या संगीतात दृश्य जोडण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. गोणी थप्पीवर पडल्याचा दबका आवाज मी असाच मोठ्या ढोलाच्या जागी वापरतो. यार्डातल्या हमालांनी तो पहिल्या ठोक्याला ओळखला. बासमतीची की ज्वारीची, यावर त्यांच्यात वादही झाला. त्या आवाजाला पडद्यावर काहीही दाखवण्याची गरज नव्हती. चित्र त्यांच्या खांद्यांत होतं.

बैठकीला येणारे एक वयस्क व्यापारी आहेत. ते पडद्याकडे बघतच नाहीत. मांडीवर हाताने ताल धरतात, खालीला तळवा उलटा करतात आणि समेला माझ्याकडे पाहतात. एकदा त्यांच्याभोवती बसलेले तरुण आधी पडद्यावरचं चक्र पाहत होते. मग त्यांचं पाहून हातावर मोजू लागले. लय वाढल्यावर चक्राकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हापासून मी सुरुवातीच्या संथ भागातच चक्र ठेवतो आणि लोकांच्या हातात ताल आला की ते काढून टाकतो. बोल मात्र राहू देतो. मोठा एलईडी पडदा भाड्याने घ्यायचं मनात होतं, तेही रद्द केलं आहे. त्या पैशांत पुढच्या बैठकीसाठी दोन चांगले स्पीकर येतील, आणि गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्यांना सध्या खर्ज नीट ऐकू येत नाही.