दीड फुटाची नळी

पडद्याचे कापड घेताना आपण खिडकी दोनदा मोजतो. संडासातल्या फ्लशच्या टाकीला पाणी पुरवणारी नळी मात्र प्लंबरच्या पिशवीतून जी निघेल ती! दुकानात तिला ‘कनेक्शन पाइप’ म्हणतात. भिंतीवरच्या अँगल कॉकपासून टाकीपर्यंत ती जाते. वस्तू एवढीशी, पण गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा दाब तिच्यावर रात्रंदिवस असतो.

आमच्याकडे नवी टाकी बसली तेव्हा कारागिराने १२ इंची नळी ओढूनताणून लावली. “दादा, फारच ताणलीय हो ही,” मी म्हटलेसुद्धा. “काही होत नाही, ताई,” म्हणून तो गेला. टाकीला नळी जिथे लागते तो भाग प्लॅस्टिकचा असतो. ताणलेली नळी त्याला सारखी ओढत राहते. तिसऱ्या आठवड्यात तो तडकला, तोही रात्री. सकाळपर्यंत खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती. लेकीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी नुकताच रंग लावून घेतला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण चार दिवस जिन्यात भेटल्या की मान वळवून जायच्या. ते मला फार लागले. ह्यांनी छत पुन्हा रंगवून दिले, तेव्हा कुठे वाटीची देवघेव सुरू झाली.

नवी नळी आणायला मात्र मी स्वतः गेले. आधी सुतळीने माप घेतले. कॉकच्या तोंडापासून टाकीच्या तोंडापर्यंत सुतळी सरळ ताणायची नाही, नळी घेईल तसे सैल वळण द्यायचे. माझी सुतळी १५ इंच भरली. बाजारात १२, १८, २४, ३६ इंची नळ्या मिळतात. माप मधले आले तर पुढचे घ्यावे, म्हणून मी १८ इंची घेतली. दुकानदार म्हणाला, “छत्तीसच न्या ना, कुठेही चालेल.” चालेल कसली! लांब नळीचे वेटोळे होते, ती मुडपली की टाकी भरता भरत नाही आणि झाडू अडकतो तो वेगळाच. दोन आखूड नळ्या जोडणे तर नकोच, गळायला आणखी एक सांधा कशाला?

आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात, तरी जुनी नळी सोबत न्यावी. दोन्ही टोकांना रबरी वॉशर आहेत ना, ते बघावे. चकती आधी हाताने आवळावी, मग पान्याने अगदी थोडी. पाणी वॉशर अडवतो, आपली ताकद नव्हे. रात्री खाली रद्दीचा कागद पसरून ठेवला की थेंबभर गळतीही सकाळी कळते. स्टीलच्या जाळीची नळी असेल तर संडास धुताना तिच्यावर ॲसिड उडू देऊ नये, जाळी खराब होते.

गावाला जाताना अँगल कॉक बंद करायचे काम आमच्या धाकटीकडे आहे. वापर नसला की तो घट्ट होऊन बसतो, म्हणून महिन्यातून एकदा ती तो उगीचच फिरवून येते.