चैत्रातलं परस

होळी सरली की घरामागच्या परसाची सकाळ आणि दुपार एकमेकींना ओळखेनाशा होतात. सकाळी ओल्या आळ्यांचा वास, काकडीच्या पिवळ्या फुलांवर मधमाशा, दोडक्याची ताठ पानं. दुपारी तेच वेल माना टाकून मांडवाला लोंबतात. पाहणाऱ्याचा जीव कळवळतो आणि हात नळाकडे जातो. उन्हाळ्याच्या तोंडावर परसबागेची बरीचशी नासाडी या कळवळ्यातूनच होते, असं माझं मत आहे. रुंद पानांतून भर उन्हात जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना त्या घटकेला ओढता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही ती मलूल होतात आणि ऊन कललं की सावरतात. संध्याकाळीही पानं उठली नाहीत, बोटभर खोल माती कोरडी लागली, तर झाड खरोखर तहानलेलं. एरवी दर दुपारी ओतलेल्या पाण्याने मुळांची हवा कोंडते आणि ती कुजू लागतात. फुलांचंही तसंच. वेलाला आधी नरफुलंच येतात, उष्म्यात आणि लांबलेल्या दिवसांत तर जास्तच. ती गळताना पाहून रोग समजून औषध फवारलं, की मधमाशा जातात आणि मागाहून आलेली मादीफुलं वांझ राहतात. पारा ३५ अंशांपलीकडे गेला, रात्रीही उकडत राहिलं, की टोमॅटोचा मोहोर गळतो; त्यावर खताची मात्रा चालत नाही.

मग नागपूर-अकोल्याकडे, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तिथे हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. आळ्यात चार बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरावं, पश्चिमेच्या उन्हाला जुनं लुगडं आडवं बांधावं, सकाळी एकदाच पण खोल मुरेल असं पाणी द्यावं. आणि ऊन मानवणारं लावावं: भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी टोचायची रीत मला फार शहाणी वाटते, कारण पाऊस येईतो वेल मांडवाला लागलेले असतात.

दुसरी हरकत अधिक जड आहे. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराने भाजीला पाणी घालावं का? पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही घालू नये. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी रोज निघतंच, त्यावर एखाददुसरं आळं तगतं. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. मोरीच्या तोंडाशी पूर्वापार केळ आणि अळू असतात, ते तिथेच शोभतात. तेवढंही पाणी नसेल तर वाफे खुशाल मोकळे ठेवावेत आणि शेवगा, कढीपत्ता तेवढे राखावेत. फुलोऱ्यावर आलेली कोथिंबीर उपटू नये, धण्यावर जाऊ द्यावी. पावसाने उघडीप दिली की रगडून पेरायला घरचं बी हाताशी असेल.