दुसऱ्याच्या दावणीला गाय बांधण्याआधी



परवा गावातल्या एका पोराचा फोन आला. मुकादमाकडून उचल घेतलीय, दिवाळी झाली की नवरा-बायको कोयत्याला निघणार. म्हणला, "काका, बैल गाडीला चाललेत, पण गाभण गाय कुठं ठेवू? दोन गोठे बघितलेत. एक पत्र्याचा, खाली फरशी, पैसे जास्त घेतो. दुसरा साध्या छपराचा, पण माणूस ओळखीचा."

म्हणलं, फोनवर नको, लिहूनच टाकतो. कारण हाच प्रश्न मला 2019 ला पडला होता आन मी चुकलो होतो.

2018 चा पाऊस आठवत असंल. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर केले. उन्हाळा लागायच्या आत आमच्याकडच्या कडब्याच्या गंजी संपल्या. मग आष्टी, पाटोदा, शिरूरकडं जागोजागी छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरामागं सरकार दिवसाला आधी 70, मग 90 आन मे महिन्यात 100 रुपये देत होतं. सुरुवातीला एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घ्यायचा नियम होता. माझी सहा. म्हातारी गाय घरी ठेवली, बाकीची न्यायची ठरवली.

दोन छावण्या जवळ होत्या. एक दोन किलोमीटरवर. मोठा बोर्ड, हिरवी शेडनेट, चुन्यानं आखलेल्या रांगा. दुसरी सात किलोमीटरवर, ओढ्याच्या कडंला लिंबाखाली. मी पहिली बघायला सकाळी अकराला गेलो. तेव्हा नुकतीच वैरण टाकलेली. सगळी जनावरं खाली मान घालून खात होती. मला वाटलं, चांगलं चाललंय. खरं म्हणजे मनात दुसरंच होतं. जवळ आहे, रात्री घरी येऊन झोपता येईल. मी जनावराची सोय बघितलीच नाही, माझी सोय बघितली.

तिथं रोज उसाचे वाढे यायचे. कडबा नावाला. पाण्याचा टँकर एक दिवसाआड, टाकी काळी, दुपारी पाणी हात पोळंल इतकं गरम. जनावर तोंड लावायचं आन मागं सरायचं. हे मला दिसत होतं. मी म्हणायचो, फुकट मिळतंय, कशाला बोला.

मे महिन्यात माझी जर्सी गाय तिथंच व्याली. कालवड झाली. मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाय जरा लटपटत होती, कान गार लागले. वाटलं, व्यायल्याचा थकवा असंल. घरी जाऊन झोपलो. पहाटे शेजारच्या दावणीवाल्याचा फोन आला. जाऊन बघतो तर गाय बसलेली, मान वळवून पोटाशी टेकवलेली. डॉक्टर येईपर्यंत गेली.

डॉक्टर म्हणाले, हा दूधताप. नाव ताप, पण अंग गार पडतं. व्यायल्यावर दुधात एकदम कॅल्शियम उतरतं आन रक्तातलं कमी होतं. वाढ्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळं नुसत्या वाढ्यावरची गाय आधीच पोकळ झालेली असती. रात्रीच शिरेतून कॅल्शियम गेलं असतं तर बहुतेक उठली असती. छावणीवाल्याला दोष द्यायला मला तोंड नव्हतं. रात्री तिच्याजवळ मीच नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बाकीची जनावरं आन कालवड लिंबाखालच्या छावणीत नेली. मृग कोरडा गेला, पाऊस लांबला, पण तिथनं जनावरं धडधाकट घरी आली. बाजंवर तिथंच झोपायचो. तेव्हापासून मी दुसऱ्याची दावण कशी बघतो ते सांगतो.

वैरणीच्या वेळेला जाऊ नका. न सांगता जा, संध्याकाळी उशिरा नाहीतर पहाटे. गव्हाणीत काय उरलंय ते बघा. शेण बघा, फार पातळ किंवा गोळ्यासारखं घट्ट नको. रवंथ करत निवांत बसलेली जनावरं दिसली पाहिजेत.

पाण्यात हात घाला. मोठ्या गाईला उन्हाळ्यात 60-70 लिटर तरी लागतं. हौद सावलीत आहे का, शेवाळ किती, पाणी दिवसातनं किती वेळा मिळतं, हे विचारा.

हिरव्या ढिगाला भुलू नका. 400 किलोच्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडं अन्न पोटात जायला पाहिजे. 15 किलो हिरव्या चाऱ्यात कोरडं तीन-साडेतीन किलोच असतं, बाकी पाणी. उरलेलं कडब्यानं आन पेंडीनं भरावं लागतं. वाढे असतील तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात का आन खनिज मिश्रण देतात का, ते विचारा. विचारल्यावर समोरचा हसला तर दुसरं ठिकाण बघा.

आजारी जनावर कुठं बांधतात ते दाखवा म्हणा. जिथं चार गावची जनावरं एका हौदावर येतात तिथं लाळ्या-खुरकूत यायला वेळ लागत नाही. लस नेण्याच्या तीन आठवडे आधी टोचून घ्या, टोचल्याबरोबर ताकद येत नाही. 2022 ला लम्पीनं सगळ्यांना शिकवलंय, गोचीड आन माश्या किती आहेत तेपण बघा.

आन सगळ्यात मोठं, रात्री तिथं कोण झोपतं? त्याला जनावरातलं कळतं का? डॉक्टरचा नंबर त्याच्याजवळ आहे का? तुमच्या गैरहजेरीत उपचाराला होकार कोण देणार आन पैसे कोण भरणार, हे आधीच ठरवा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, गाभण किती महिन्याची, दूध आन वासरू कुणाचं, एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. ओळखीत तर जास्तच गरज, कारण ओळखीत कुणी बोलत नाही आन मग भांडण होतं.

तर पोरा, तुझं उत्तर. फरशी आन पत्रा बघू नकोस. फरशीवर गाय घसरते, ती गाभण आहे. छपराच्या गोठ्यावर एकदा रात्री नऊला जा. मालक गोठ्यात झोपलेला दिसला तर तिथं ठेव. नसला तर ओळख असली तरी ठेवू नकोस. आन व्यायची तारीख मोजून घे. त्या आठवड्यात तुमच्यापैकी एकानं गावी यायचं, मुकादमाला आत्ताच सांगून ठेव. शेवटच्या महिन्यात खनिज, कॅल्शियम काय आन किती द्यायचं, ते डॉक्टरला विचारूनच.

त्या वेळची कालवड आता माझ्या दावणीला गाय आहे. ती व्यायला झाली की तीन रात्री मी गोठ्यातच बाज टाकतो. घरचे हसतात. हसू द्या.

तुमच्याकडं कशी सोय करता, लिहा.