गळालेली पाकिटे

गळती या गोष्टीशी गृहिणीचा जुना परिचय असतो. नळ गळतो, छप्पर गळते, आणि महिनाअखेर पाहावे तो पगारही कुठूनसा गळून गेलेला असतो. पण या गळत्या लपत नाहीत. टपटप ऐकू येते, भिंतीला ओल धरते. काही न वाजवता, काही न भिजवता होणाऱ्या गळतीची ओळख मला यंदाच्या पावसाळ्यात झाली, आणि तीही कॉलेजच्या सर्व्हरच्या कृपेने!

आमच्या मराठी विभागाने जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला घेतल्या होत्या. मावळातल्या एका ऐंशी वर्षांच्या आजीबाई सभागृहात गायल्या. त्यांचा आवाज तारेतून थेट तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये जाऊन साठत होता. संध्याकाळी ऐकायला बसलो, तर ओवीला जागोजागी भोके. लेकीचे नाव यावे, तिथे नेमकी शांतता!

संगणक विभागातले एक तरुण सहकारी मदतीला आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, पाकिटं गळताहेत."

आवाज असो की चित्र, तारेतून जाताना त्याचे तुकडे होतात. एकेका पाकिटात साधारणपणे फार तर १,५०० बाइट मावतात. हे नाव डोनल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दिले. परभाषांतही ते सहज रुजावे, असा त्यांचा हेतू होता. मराठीपुरती त्यांना काळजी नव्हती. पाकीट आपल्या घरात आधीच येऊन बसले होते.

पहिला संशय केबलवर. ती बदलली, तरी गळती तशीच. "केबल खराब असती, तर पाकिटं फाटून आली असती," सहकारी म्हणाले. "पण फाटक्यांचा आकडा शून्य आहे. पाकिटं धड येताहेत. आपल्या दारातच ती घेतली जात नाहीत."

हे दार म्हणजे नेटवर्क कार्ड. आलेले पाकीट ते संगणकाच्या स्मृतीत गोलाकार मांडलेल्या खणांत ठेवते आणि प्रोसेसरला घंटा देते. त्याने येऊन खण रिकामे करायचे. आमच्याकडे खण होते २५६. एक गिगाबिटची तार भरभरून वाहू लागली, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार मोठी पाकिटे येतात. म्हणजे सारे खण एका सेकंदाच्या तीन हजारांशात भरणार! नंतर येणारे पाकीट कार्ड टाकून देते. कोणाला कळवत नाही. फक्त एक आकडा पुढे सरकवते.

आजीबाई गात होत्या, त्याच तासाला प्रयोगशाळेतली मुले आपापले काम सर्व्हरवर चढवीत होती. त्यात प्रोसेसरचे गाभे चार. पण कार्डाच्या घंटेला धावत होता एकटाच. चार जावांच्या घरात दार उघडायला दर वेळी धाकटीनेच उठावे, तसे! सहकाऱ्यांनी खण ४,०९६ केले, घंटेचे काम चौघांत वाटून दिले, आणि आकडा जागच्या जागी थांबला.

मुलांचे काम मात्र गळाले नव्हते. ती पाकिटे पोच मागतात. पोच आली नाही, तर पुन्हा पाठवली जातात. गाण्याला तेवढे थांबायला वेळ नसतो. पण नुसते पुन्हा पाठवणे हाही उपाय नव्हे. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीजवळ चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. पोच न मिळालेला जो तो तीच पाकिटे पुन्हा लोटत होता. तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी शहाणपणाची रीत घालून दिली : पोच येत नसेल, तर आधी हात आवरा.

आजीबाई भाद्रपदात पुन्हा आल्या. या वेळी एकही अक्षर गळाले नाही. पण ओवी तीच नव्हती. विचारले, तर हसून म्हणाल्या, "आगं बाई, ती त्या दिसाची व्हती. पीठ झालं की वैरण निराळी."

मला वर्ग आठवला. पंचेचाळीस मिनिटे मास्तर बोलतो. समोरच्या साठ डोक्यांतले खण केव्हा भरले, हे कोण सांगणार? पोरे माना हलवतात, पण मान हलवणे म्हणजे पोच नव्हे. घरीही तेच. शाळेतून आलेले पोर एका दमात दहा गोष्टी सांगते, तव्यावर पोळी असते, कुकर शिट्टी देतो, आणि आई "हं" म्हणते. तिचे प्रेम कमी नसते, कानही शाबूत असतात. खण तेवढे भरलेले असतात. अशा वेळी पोराला गप्प बसवण्यापेक्षा पोळी उलटायला दुसरे कोणी उठले, तर जास्त उपयोग होईल.

त्या कार्डाचा एक गुण मात्र मला फार आवडला. जे आपल्याला घेता आले नाही, त्याचा आकडा ते प्रामाणिकपणे लिहून ठेवते. माणसाजवळ असा आकडा नसतो. म्हणून त्याने अधूनमधून समोरच्याला विचारावे, "तू मघाशी काय म्हणालास?"